चिखलदऱ्याला जाता येतं, परत यायचं कसं?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या पावसाळ्यात आईला आणि बायकोला घेऊन चिखलदऱ्याला गेलो होतो. आईचं वय ७७, सगळं आयुष्य नागपुरात गेलं पण विदर्भातलं एकुलतं एक हिल स्टेशन काही पाहणं झालं नाही. आमच्याकडे गाडी नाही, म्हणून सकाळी गणेशपेठहून एसटीने अमरावती, तिथून परतवाडा, मग घाटाची बस. ७५ च्या वरच्यांना एसटी फुकट आणि बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्च फारसा नाही. घाटात धुकं लागलं तर पदर ओला झाला तरी आई खिडकीची काच लावू देईना.

वर पॉइंट लांब लांब आहेत, देवी पॉइंट आणि भीमकुंड पाहण्यातच दुपार गेली. खरा प्रॉब्लेम परतीचा. खालून येणारी बस जाममध्ये अडकली म्हणे, किती वाजता येईल ते कोणालाच माहीत नाही, भुट्टे खाऊन झाले, आईचे पाय सुजले, अंधार पडला तरी बस नाही. शेवटी एका जीपमध्ये कोंबून बसलो, ड्रायव्हरच्या बाजूला तिघं, आईच्या मांडीवर कोणाचं तरी पोट्टं, आणि पुढचं वळण दिसत नाही अशा धुक्यात घाट उतरलो. आई परतवाड्यापर्यंत एक शब्द बोलली नाही.

पावसाळ्यात शनिवार-रविवारी वर कारचीच गर्दी असते आणि त्या गर्दीत बसवाले लोक अडकतात. वर जायला धामणगाव गढीचा आणि घटांगचा असे दोन रस्ते आहेत ना, मग गर्दीच्या दिवशी एकाने चढायचं दुसऱ्याने उतरायचं हे दर वेळी कडक पाळा. कार परतवाड्यात थांबवून वर छोट्या बस सोडल्या तर अजूनच बरं. आणि सगळ्यात आधी, शेवटची बस किती वाजता आणि ती खाली अमरावतीच्या, नागपूरच्या गाडीला मिळते का, हे प्रत्येक पॉइंटवर मोठ्या अक्षरात लिहा, याला काही कोटी लागत नाहीत.

आईचा तिथला गाविलगड किल्ला पाहायचा राहिलाय, या जुलैत नेतो म्हणालोय तिला. त्याच्या आत संबंधितांनी एवढं करावं ही हात जोडून विनंती.

आपला एक वाचक,
मानेवाडा, नागपूर