विषय: बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग) बदलताच हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद करणारा तुमचा ड्रायव्हर

प्रति,
व्यवस्थापक, उत्पादन व ग्राहकसेवा विभाग

महोदय,

तुमच्या मदतकेंद्राचा फोन आत्ताच ठेवला. पुन्हा करणार नाही, म्हणून हे लेखी.

संगणकाच्या यूएसबीला सीरियल उपकरण जोडणारा यूएसबी-सीरियल अडॅप्टर काय असतो हे मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्या नव्या ड्रायव्हरमध्ये आरटीएस/सीटीएस, म्हणजे समोरच्याला 'थांब' किंवा 'पाठव' सांगणाऱ्या दोन तारांवरचं हार्डवेअर फ्लो कंट्रोल, चालत नाही. जुन्यात चालत होतं. अडॅप्टर तोच, केबल तीच, संगणक तोच.

लिनक्सवर पोर्ट उघडताना सीआरटीएससीटीएस (हेच फ्लो कंट्रोल चालू करणारा फ्लॅग) मागितलं की ड्रायव्हर मान डोलावतो. सेटिंग परत वाचलं तरी 'चालू' दिसतं. सुरुवातीला ते खरंही असतं. मग बॉड रेट बदलला की ड्रायव्हर चिपचं रजिस्टर नव्याने लिहितो आणि फ्लो कंट्रोलचा बिट शून्य करून टाकतो. यूएसबीवरून गेलेल्या कंट्रोल रिक्वेस्टची नोंद जोडली आहे. तारांवरचे सिग्नल टिपणाऱ्या लॉजिक अ‍ॅनालायझरचा आलेखही जोडला आहे: आठ नंबरच्या पिनवर सीटीएस 'थांब' म्हणतोय आणि तुमची चिप खुशाल पाठवत सुटली आहे. जे जमत नाही त्याचा फ्लॅग ड्रायव्हरने उतरवून परत द्यायचा असतो. खोटं 'हो' कशाला?

आम्ही ब्लूटूथ मॉड्यूलं तपासतो. ती 115200 वर जागी होतात, मग फर्मवेअर (मॉड्यूलच्या आतला प्रोग्राम) भरण्यासाठी वेग 921600 वर न्यावा लागतो. म्हणजे तुमचा दोष नेमका कामाच्या क्षणी उगवतो. या वेगाला सेकंदाला 92160 बाइट जातात. 16 बाइटांचा फिफो (आलेले बाइट तात्पुरते ठेवायची जागा) मिलिसेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत भरतो. यूएसबीवरून संगणकाला कळून त्याने थांबवायचं म्हटलं तर तोवर सगळं सांडलेलं असतं. थांबायचं ते चिपनेच. आणि संगणक ब्लूटूथ मॉड्यूलशी सीरियलवर ज्या पद्धतीने बोलतो त्या एचसीआयच्या एच4 पद्धतीत चेकसम (चूक पकडणारा आकडा) नाही, गळलेलं पुन्हा मागण्याची सोय नाही, कारण ती आरटीएस/सीटीएस धरूनच लिहिली आहे. एक बाइट गेला की पुढच्या पॅकेटची लांबीच चुकते आणि मॉड्यूल रीसेट करावं लागतं.

आता आजचा फोन. सगळं सांगून झाल्यावर प्रश्न आला, 'संगणक बंद करून चालू केलात का?' केला. 'केबल बदललीत का?' पहिल्या वेळी हा प्रश्न रास्त होता, कारण तीन तारांच्या केबलमध्ये आरटीएस-सीटीएस नसतातच. पण जुन्या ड्रायव्हरवर हीच केबल नीट चालते हे तक्रारीच्या पहिल्या ओळीत आहे. मग बराच वेळ संगीत. मग 'वरिष्ठ' आले आणि अत्यंत शांतपणे म्हणाले, 'मॅडम, फ्लो कंट्रोल नन (म्हणजे बंद) करा, म्हणजे प्रॉब्लेम येणार नाही.'

मला वाटलं ऐकण्यात काही चुकलं. पुन्हा विचारलं. 'हो, नन. बहुतेक कस्टमर तसंच वापरतात.' मी म्हटलं, अहो, फ्लो कंट्रोल चालत नाही हीच तर तक्रार आहे. 'मग स्पीड 9600 ठेवा.' 9600 वर फर्मवेअर भरत बसायचं असेल तर तुमच्या खोक्यावर 'हाय स्पीड' कोणासाठी छापलंय? 'मग एक्सऑन-एक्सऑफ.' आमचा डेटा बायनरी आहे; त्यात एक्सऑन-एक्सऑफ 'पाठव' आणि 'थांब' म्हणून वापरतं ते 17 आणि 19 हे बाइट येणारच. 'मग डेटा थोडा थोडा पाठवा ना.' म्हणजे फ्लो कंट्रोल मीच हाताने करायचं! छान. मग मोबदल्यात तुम्ही मला पगार द्या. शेवटी त्यांनी विचारलं, 'तक्रार सुटली असं नोंदवू का?' मी स्पष्ट 'नको' म्हटलं. फोन ठेवतेय तोवर ईमेल हजर: तुमची तक्रार समाधानकारकपणे निकाली निघाली आहे, कृपया आमच्या सेवेला तारे द्या.

नेटाने रागावर ताबा ठेवून लिहायचं ठरवलं होतं. असो.

आणि केबल बदलली आहे. तुमच्याच कंपनीची, नवी कोरी. हे पुन्हा लिहिते, कारण उत्तरात केबलच येणार याची खात्री आहे.

वाईट याचं वाटतं की तुमचा जुना अडॅप्टर मी स्वतः इतरांना सुचवायचे. दुरुस्ती मोठी नाही: बॉड रेट लिहिताना जुना बिट जपा. तुमच्या इंजिनिअरला जोडलेली नोंद वाचायला चहाचा एक कप पुरेल, पण ती त्याच्यापर्यंत पोचू तर द्या.

तक्रार पुन्हा उघडा, जुना ड्रायव्हर तोपर्यंत डाउनलोडला परत ठेवा, आणि दुरुस्त आवृत्तीची तारीख लेखी कळवा. जमत नसेल तर सगळे अडॅप्टर परत घ्या आणि पैसे द्या. पुढची ऑर्डर तशीही थांबवली आहे. उत्तर आलं नाही तर ही नोंद आणि आलेख, तुमच्या 'नन करा'सकट, मी सगळ्यांसमोर ठेवीन.

एक त्रस्त ग्राहक

सोबत: यूएसबी नोंद, लॉजिक अ‍ॅनालायझरचा आलेख, दोन्ही ड्रायव्हरच्या आवृत्त्या