अंगणात उभं राहिलेलं धूड

मा. संपादक,
सादर नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत युरोपात येऊ लागलेल्या अमेरिकन पिकअपबद्दलचा लेख वाचला. लेखात त्यांच्या ताकदीचं कौतुक होतं. मी ११ वर्षं नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला राहते आणि तसलीच एक गाडी रोज माझ्या दारासमोर उभी असते, म्हणून लिहिते आहे.

आमची गल्ली ‘वूनर्फ’ आहे. ‘वून’ म्हणजे राहणं आणि ‘एर्फ’ म्हणजे घराभोवतीची मोकळी जागा, आपलं अंगणच. ही कल्पना १९६० च्या दशकाच्या अखेरीस याच गावात रुजली आणि १९७६ मध्ये देशाच्या कायद्यात आली. वेगळा फुटपाथ नाही, कारण भिंतीपासून भिंतीपर्यंतची सगळी जागा चालणाऱ्यांची आणि खेळणाऱ्या मुलांची. मोटारीचा वेग ताशी १५ किलोमीटरच्या वर न्यायचा नाही, आणि गाडी लावायची ती ‘पी’ लिहिलेल्या चौकटीतच. हे आयतं मिळालेलं नाही. १९७१ मध्ये या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं गेली, त्यात ४०० हून जास्त मुलं होती. त्यानंतर ‘मुलांचे खून थांबवा’ म्हणत आईबाप रस्त्यावर उतरले.

मार्चमध्ये माझी सहा वर्षांची मुलगी सायकल घेऊन त्या पिकअपच्या पुढून निघाली आणि त्याच क्षणी गाडी सुरू झाली. मी दारातच होते. ओरडले, गाडी थांबली. शेजारी खाली उतरला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. ‘मला ती दिसलीच नाही,’ एवढंच तो म्हणत राहिला. तो खोटं बोलत नव्हता. संध्याकाळी त्याच्या परवानगीनं मी टेपनं मोजलं. मुलीची उंची १ मीटर १४ सेंटिमीटर, बॉनेटची कड तिच्या डोक्याच्याही वर. गाडी जवळजवळ सहा मीटर लांब, चौकट पाच मीटरची. उरलेला मीटरभर भाग मुलांच्या खेळायच्या जागेत येतो.

माझी तक्रार सगळ्याच मोठ्या गाड्यांबद्दल नाही. कोपऱ्यावरच्या प्लंबरची उंच व्हॅनही लांबलचक आहे, टपावर शिडी, आत पाइप. पण तिचं नाक आखूड आणि उतरतं, त्यामुळे चालक अगदी पुढे बसतो आणि त्याला समोरची जमीन दिसते. शिवाय ती त्याची भाकरी आहे. तिच्यामुळे शेजारच्या आजींच्या खिडकीत अंधार होतो हे कळल्यावर तो स्वतःहून ती मोठ्या रस्त्यावर लावू लागला. पिकअपच्या मागच्या हौद्यात मात्र मी आजवर सामान पाहिलेलं नाही. तरी तिचा नंबर ‘व्ही’नं सुरू होतो, म्हणजे कागदोपत्री ती मालवाहू. व्यवसायाच्या मालवाहू गाडीला इथला नोंदणी कर माफ होता. ती सवलत १ जानेवारी २०२५ ला बंद झाली, पण आधी आलेल्या गाड्या गल्ल्यांत आहेतच.

बेल्जियमच्या ‘व्हिआस’ या रस्ता सुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये दाखवून दिलं की बॉनेट ८० ऐवजी ९० सेंटिमीटर उंच असेल, तर धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या किंवा सायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो. हा फरक दहा सेंटिमीटरचा. आमच्या दारातलं बॉनेट तर त्याच्याही कितीतरी वर आहे.

पॅरिसनं फेब्रुवारी २०२४ मध्ये मतदान घेऊन बाहेरून येणाऱ्या जड मोटारींचं पार्किंग तिप्पट महाग केलं, शहराच्या मध्यभागी तासाला १८ युरो. कारागिरांना त्यातून वगळलं, हे मला विशेष पटलं. पण तिथल्या रहिवाशांनाही त्यांच्या भागात सूट आहे, आणि आमचा प्रश्न तर रहिवाशाच्याच गाडीचा आहे. म्हणून मी इथल्या पालिकेला लिहिलं आहे की वूनर्फमधला पार्किंग परवाना देताना गाडीची लांबी आणि बॉनेटची उंची मोजा. चौकटीत मावत नाही ती गाडी बाहेरच्या रस्त्यावर लावायला सांगा. शेजाऱ्यानंही त्या अर्जावर सही केली आहे.

उत्तर अजून आलेलं नाही. तोवर गल्लीतल्या सगळ्या मुलांना आम्ही शिकवलं आहे की त्या गाडीच्या पुढून जायचं नाही, मागून वळसा घालायचा.

आपली,
एक वाचक, डेल्फ्ट