अर्ध्यावर सोडलेल्या सिनेमाबद्दल

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

'द ट्री ऑफ लाइफ' तू अर्ध्यावर बंद केलास. "उगाच ग्रह-तारे दाखवत बसलाय," म्हणालास. मी शेवटपर्यंत पाहिला. तुझे बाबा डायनासोर आल्यावर उठून गेले, ते सोड.

१९ वर्षांचा मुलगा गेल्याची तार येते. आई देवाला विचारते, तू कुठे होतास? आणि दिग्दर्शक टेरेन्स मॅलिक एकदम विश्वाचा जन्मच दाखवायला घेतो. सिनेमा सुरू होतो बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकातल्या ओळींनी. तिथे देवच उलट विचारतो, मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? पोटचा पोर गेलेल्या बाईला हे ऐकवणं मला निष्ठुर वाटलं. पण दृश्यांवरून नजर हलत नाही. रसायनं, रंग, धूर वापरून बरंचसं खरोखर कॅमेऱ्यासमोर घडवलंय, स्पेशल इफेक्ट्सचा जाणकार डग्लस ट्रम्बुलच्या सल्ल्याने.

मला मात्र पुढचं घर जास्त भिडलं. १९५०च्या दशकातलं टेक्सास, तीन मुलं. बाप ब्रॅड पिट. त्याला संगीतकार व्हायचं होतं, ते राहिलं, आणि तो सगळा राग घरात उतरतो. दार आपटलं म्हणून मुलाला तेच दार आवाज न करता पुन्हा पुन्हा लावायला लावतो. जेवताना कुणी तोंड उघडायचं, हेही तोच ठरवणार. तो दौऱ्यावर जातो, आणि मुलं सरडा घेऊन आईच्या मागे घरभर धावतात. आईही हसत सुटते! कॅमेराही त्यांच्यातलाच एक असल्यासारखा खाली, त्यांच्या उंचीवरून पळतो.

मग थोरला मधल्या भावाला छर्‍याच्या बंदुकीच्या नळीवर बोट ठेवायला सांगतो आणि चाप ओढतो. मधला विश्वासाने बोट ठेवतो रे. नंतर थोरला म्हणतो, हवं तर मला मार. तो मारत नाही. पुढे तार येते ती या पोराची. आईचा प्रश्न केवढा मोठा आहे, ते मला इथे कळलं, आकाशगंगेत नाही.

शेवटची समुद्रकिनाऱ्यावरची भेटगाठ मला गुळमुळीत वाटली. मोठा झालेला थोरला म्हणजे शॉन पेन, त्याला तर नुसतं भटकायला ठेवलंय. २०११मध्ये कान महोत्सवात याला पाम दोर, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार, मिळाला, पण तिथेही काहींनी हुर्यो उडवलीच होती. तेव्हा नाही आवडला तरी बिघडत नाही. फक्त मोबाइलवर पाहू नकोस, आणि त्या विश्वाच्या भागाला आवाज मोठा ठेव.

बघून झाला की फोन कर. त्या बापाबद्दल बोलायचंय.

तुझी,
आई