घाटातलं गटार कोण काढणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या अंकात आमच्या घाटाची बातमी होती, 'अचानक दरड कोसळून वाहतूक ठप्प'. बातमी खरी आहे. त्यातल्या 'अचानक' या एका शब्दासाठी हे पत्र लिहितो आहे. या घाटात मी 31 वर्षं मैलकुली होतो. घाटाचं नाव लिहीत नाही, कारण इथं जे झालं ते सह्याद्रीतल्या कुठल्याही घाटात होतं.

मैलकुली म्हणजे काय, हे आता पोरांना सांगावं लागतं. रस्त्याचा ठरावीक तुकडा आमच्या ताब्यात असायचा. कुदळ, फावडं, घमेलं, पहार आणि कोयता घेऊन तेवढा रस्ता रोज पायी चालायचा. खड्डे भरायचे, साइडपट्टीवरची झुडपं तोडायची आणि मृगाच्या आत डोंगराकडचं गटार अन् मोऱ्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या वाटा, मोकळ्या करायच्या. आमचे मुकादम म्हणायचे, "डांबराचं नंतर बघू, आधी पाण्याला वाट द्या."

1997 च्या आषाढातली गोष्ट. एका वळणावर बारीक झरा होता. दसऱ्यापर्यंत वाहायचा. आम्ही तिथंच भाकरी सोडायचो आणि त्याचंच पाणी प्यायचो. त्या सकाळी ओंजळ धरली तर पाणी तांबडं, दुधाच्या चहासारखं गढूळ. ओंजळ सोडली तरी तळहातावर बारीक माती राहिली. झरा रोजच्या जागेवरून हातभर खाली सरकला होता. वर चढून पाहिलं तर गवतात भेग पडलेली, बोट आत जाईल एवढी, आणि भेगेच्या खालच्या अंगाचं ऐनाचं झाड दरीकडे कललेलं. मुकादमांना सांगितलं. त्यांनी एक शब्द उलट विचारला नाही. दोन्ही बाजूंना माणसं उभी करून, लाल फडकं दाखवून दुपारची एसटी अडवली. साडेतीनच्या सुमाराला ते वळण खाली आलं. पहिला आवाज दगडांचा नव्हता. जाड कापड टराटरा फाडावं तसा, मुळं तुटण्याचा होता. गाडीतल्या एका म्हाताऱ्या आजीनं माझ्या हातावर साखरफुटाणे ठेवले, ते अजून आठवतं.

म्हणून सांगतो, डोंगर आधी बोलतो. ऐकायला तिथं माणूस लागतो.

पुढं कॉलेजचे एक सर मुलांना घेऊन घाटात आले होते, त्यांनी डोंगर कसा झिजतो ते आम्हालाही समजावलं. आपला काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, एकावर एक रचलेले. त्या दगडात लोखंड असतं. चिरांमधून पाणी शिरलं की ते गंजतं, म्हणून माती तांबडी होते. दगड कडांनी आधी झिजतो, गोल होतो आणि कांद्यासारखे त्याचे पापुद्रे सुटतात. सरांनी एका धोंड्याचा पापुद्रा नुसत्या अंगठ्यानं सोलून दाखवला. आत गाभा काळा आणि टणक, बाहेर मुरूम. वर्षानुवर्षं त्याच धोंड्याला पाठ टेकून मी बसत होतो, आणि तो असा आतून-बाहेरून बदलतोय हे मला दिसलं नव्हतं. दोन थरांच्या मध्ये कधी लाल मातीचा पट्टा असतो. वरून झिरपलेलं पाणी त्यावर अडतं आणि आडवं बाहेर येतं. आमचा झरा तसाच होता.

माझा मुलगा सैन्यात आहे, लडाखला होता. तो सांगायचा की तिकडं हे काम बर्फ करतो. दिवसा वितळलेलं पाणी दगडाच्या चिरेत उतरतं, रात्री गोठून जवळजवळ नऊ टक्के फुगतं आणि पाचर ठोकल्यासारखा दगड फोडतं. आपल्याकडं बर्फ नाही, पण उंबर-पिंपळाची मुळं आहेत. कठड्याच्या भिंतीत पिंपळाचं रोप दिसलं की आम्ही ते मुळासकट काढायचो, नुसतं छाटायचो नाही.

कोरडा मुरूम उतारावर वर्षानुवर्षं टिकतो. त्याच्या कणाकणात पाणी भरलं की वजन वाढतं आणि कण एकमेकांना धरेनासे होतात. मग खाली ओढायला डोंगराचा स्वतःचा भार पुरतो. पाणी किती, तेही लिहितो. 22-23 जुलै 2021 ला महाबळेश्वरात 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला. एका गुंठ्यावर एवढा पाऊस म्हणजे 60 हजार लिटर पाणी, दहा हजार लिटरचे सहा टँकर. हे फक्त एका गुंठ्याचं. त्याच 22 तारखेला महाड तालुक्यात तळियेची वाडी गाडली गेली. तिथं आमचे सोयरे होते. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

एवढा पाऊस कुणाच्या हातात नाही, मान्य. गटार मात्र आपल्या हातात आहे. निवृत्तीनंतर माझ्या तुकड्यावर कुणी आलं नाही. तीन वर्षांपूर्वी साइडपट्टी खणून केबल टाकली आणि निघालेली माती तशीच गटारात लोटली. रुंदीकरणात डोंगराचा पायथा भिंतीसारखा उभा कापला. पूर्वी पायऱ्या ठेवून उतार देत असत. नवी संरक्षक भिंत बांधली, तिला आतलं पाणी बाहेर यायला भोकं ठेवली होती. गिलावा करताना त्यातली निम्मी बुजवली. मी स्वतः पहारीच्या टोकानं चार मोकळी केली. एकातून पाण्याची धार माझ्या छातीवर आली, एवढं पाणी मागं कोंडलेलं होतं. ही गोष्ट वैशाखातली नाही, जुलैच्या पहिल्या आठवड्यातली आहे. संबंधित कार्यालयात लेखी दिलं. पोच मिळाली, माणूस आला नाही. गेल्या आठवड्यात आलेली दरड त्याच भिंतीच्या वरची.

ती काढताना सगळा राडारोडा मशीननं दरीत ढकलला. रस्ता सहा तासांत सुरू झाला, त्याचं कौतुक छापून आलं. तो राडारोडा ओढ्यात जाणार, ओढ्यातून सावित्रीत. नदीचं पात्र गाळानं उथळ झालं म्हणून महाडचे लोक दर पावसाळ्यात जीव मुठीत धरून बसतात, त्यात आम्हीच वरून भर घालतो. दरडीची माती टाकायला घाटाबाहेर जागा ठरवून द्यायला हवी.

माझी मागणी मोठी नाही. जाळ्या लावा, यंत्रं बसवा, त्यांना विरोध नाही. पण प्रत्येक घाटात निदान पावसाळ्याचे चार महिने रोज पायी चालणारी माणसं नेमा, घाटातल्याच गावांची. त्यांच्याकडं एक वही द्या. झरा गढूळ झाला का, नवा पाझर फुटला का, भेग रुंदावली का, झाड कललं का, मोरी तुंबली का, एवढंच त्यात लिहायचं. आणि वाहतूक थांबवण्याचा अधिकार त्यांना द्या. आमच्या मुकादमांनी तो वरून आदेश येण्याची वाट न बघता वापरला होता.

अजून परतीचा पाऊस बाकी आहे. 1997 ला खाली आलेल्या त्या वळणाच्या वरच्या अंगाला मी परवा जाऊन आलो. गवतात आणखी एक भेग आहे, जुन्या भेगेपासून साधारण वीस पावलांवर. तिच्या दोन्ही काठांना खुंट्या ठोकून सुतळीनं अंतर मोजून ठेवलं आहे. कुणी बघायला येणार असेल तर मी सोबत चढेन. गुडघे दुखतात, पण तेवढं चढवतं.

आपला,
एक निवृत्त मैलकुली, जि. रायगड