साखळी वळली तरी साखळीच

चोपडा

प्रिय दिलीप,

रविवारी फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहितो. लेक अकरावीत आहे, हायड्रोकार्बनची, म्हणजे नुसत्या कार्बन आणि हायड्रोजनच्या संयुगांची, नावं पाठ करता करता रडकुंडीला येते, असं तू म्हणालास. रात्रभर तेच डोक्यात होतं. तिला पाठ करू देऊ नकोस.

तुले आठवस का, अकरावीचा आपला तो पेपर? आडव्या ओळीत चार कार्बन, आणि दुसऱ्या कार्बनखाली दोन कार्बनांची फांदी. चार कार्बनांचं ब्युटेन, दोनांच्या फांदीचं इथाइल, म्हणून आपण दोघांनीही लिहिलं, 2-इथाइलब्युटेन. दोघांच्याही पेपरावर लाल फुली. का चुकलं ते सरांनी सांगितलं नाही, आणि विचारायची आपली हिंमत झाली नाही. रसायनशास्त्र आपल्यासाठी नाही, हे तू त्याच दिवशी ठरवलंस. याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढे मी शिकवायला लागलो तेव्हा फळ्यावर तीच आकृती काढली आणि खडू हातातच राहिला. खालच्या फांदीच्या टोकापासून मोजत वर ये, दुसऱ्या कार्बनवर उजवीकडे वळ, शेवटपर्यंत जा. पाच कार्बन! सर्वांत लांब साखळी पाचाची होती, आपण सरळ रेषेला साखळी समजलो. डावीकडे उरला तो एक कार्बन, म्हणजे मिथाइल, आणि तो बरोबर मधल्या कार्बनवर. खरं नाव 3-मिथाइलपेंटेन.

लेकीला तापी दाखव. मुलताईहून निघून आपल्यापर्यंत येताना ती किती वळणं घेते, पण वळली म्हणून तिचं नाव बदलत नाही. पूर्णा, वाघूर, गिरणा तिला येऊन मिळतात, त्या फांद्या. फरक एवढाच की नदीचे संगम आपण उगमाकडून मोजतो. साखळीची दोन्ही टोकं उगम होऊ शकतात, म्हणून फांदी ज्या टोकाला जवळ तिथून 1 धरायचा. म्हणूनच 3-मिथाइलब्युटेन असं नाव होत नाही, उलट बाजूने मोजलं की ते 2-मिथाइलब्युटेन निघतं.

पाठ करायची ती पहिली चारच नावं: मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्युटेन. ती जुनी आहेत, कशीही पडलेली. ब्युटेनच्या नावात तर लोणी आहे, खवट लोण्यातल्या आम्लावरून आलेलं. पुढची मात्र आपल्याच घरातली वाटतात. पेंट म्हणजे पंच, हेप्ट म्हणजे सप्त, ऑक्ट म्हणजे अष्ट, डेक म्हणजे दश. ग्रीक आणि संस्कृत बहिणीच, म्हणून आकडे इतके जुळतात. ही शिस्त आली ती 1892 साली जिनिव्हात रसायनशास्त्रज्ञ एकत्र बसले तेव्हापासून. आज ते काम आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेकडे आहे.

नावाचा शेवटचा स्वर कार्बनांमधले बंध सांगतो. एन असेल तर सगळे एकेरी, ईन असेल तर दुहेरी, आइन असेल तर तिहेरी. हे किती महत्त्वाचं ते आपल्या केळीवाल्यांना विचार. रायपनिंग चेंबरमध्ये सोडतात तो इथिलीन, म्हणजेच ईथीन. पिकताना केळी स्वतःही तोच वायू सोडते. आणि कार्बाइडच्या पुडीला ओल लागली की निघतो तो अ‍ॅसिटिलीन, म्हणजे ईथाइन. कार्बाइडने फळं पिकवायला बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. ईथीन आणि ईथाइन, दोघांतही कार्बन दोनच. फरक एका बंधाचा आणि दोन हायड्रोजनचा, आणि तो नावातच लिहिलेला आहे.

आता तिला एक नाव दे: 2,2,4-ट्रायमिथाइलपेंटेन. पुस्तक न उघडता आकृती काढू दे. आधी पाच कार्बन, मग दुसऱ्यावर दोन फांद्या, चौथ्यावर एक. एकूण कार्बन आठ भरले पाहिजेत. पेट्रोलचा दर्जा सांगणारा जो ऑक्टेन नंबर पंपावर ऐकतो, त्यात 100 धरलाय तो हाच रेणू, हे तिला आकृती झाल्यावर सांग, आधी नको.

आकृतीचा फोटो पाठव. तिच्याशेजारी बसून तूही एक काढ, तुझी मी तपासून देतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
प्रकाश