रजा घे, राजीनामा नको

सोलापूर

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. पाणलोटाच्या कामात पूर्वीचा आनंद उरला नाही, 'मी कोण' हे उमगल्याशिवाय सारे व्यर्थ आहे, म्हणून नोकरी सोडून काही काळ एकांतात राहावे, असे तू लिहितेस.

आपल्या सिद्धरामेश्वरांचीच कथा घे. बाराव्या शतकात त्यांनी या गावी, म्हणजे तेव्हाच्या सोन्नलगीत, माणसे जमवून तळे खोदवले, अडुसष्ट लिंगे स्थापिली. लोककल्याण हेच त्यांच्या जगण्याचे प्रयोजन होते. वीरशैव परंपरा सांगते की, त्याच काळातले वीरशैव संत अल्लमप्रभू येथे आले आणि कौतुक करण्याऐवजी, माती उपसणारा तुमचा तो राम कोठे आहे, असे त्यांनी हिणवून विचारले. शिष्य दगड घेऊन धावले, खुद्द सिद्धरामही कोपले. पुढे राग निवळून दोघांचा संवाद झाला, सिद्धराम कल्याणला, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याणला गेले आणि तेथे बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा यांच्याकडून त्यांनी दीक्षा घेतली.

आत्मज्ञानापुढे तळे खोदणे हलके, असा या कथेचा अर्थ पुष्कळजण लावतात. मला तो पटत नाही. अल्लमप्रभूंचा रोख तळ्यावर नव्हता, 'हे मी केले' या भावनेवर होता, आणि ती भावना तळे खोदल्यामुळेच तर उघडी पडली! अहवालात तुझे नाव आले नाही, हे तू पत्राच्या शेवटी दोन ओळींत उरकले आहेस. मला मात्र तुझे सारे दुःख त्या दोन ओळींतच दिसले. एकांतात नाव गाळणारे कोणी नसते, तेव्हा तेथे हे तुला कसे कळणार?

अर्थात, कामातच सारे आहे, असेही मी म्हणणार नाही. गिरणी बंद पडल्यावर तुझे आजोबा कितीतरी दिवस पहिल्या पाळीच्या वेळेला उठत, आंघोळ उरकून डब्यासाठी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत आणि आजी काही बोलली नाही की तसेच परत फिरत. गिरणीपलीकडे आपण कोणी आहोत, हे त्यांना उभ्या आयुष्यात कोणी विचारलेच नव्हते. तुला तो प्रश्न ऐन कामाच्या वयात पडला, याचे मला बरेच वाटते.

एकांत हवाच असेल तर रजा घे, राजीनामा देऊ नकोस. पावसापूर्वीची बांधबंदिस्ती मात्र पुरी करून जा, आणि अहवालाबद्दल वरिष्ठांशी एकदा समोरासमोर बोल.

तुझे,
बाबा