रीळ पोहोचले, आता त्याचे तुकडे पाठवा

दिनांक : १४ जुलै २०२५
नाशिक

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व दुरुस्ती विभाग

विषय : दुरुस्तीस दिलेल्या मिचेल ३०० या मासे पकडायच्या रिळाचे काढलेले मूळ भाग परत मिळण्याबाबत, तसेच न विचारता केलेल्या रंगकामाबद्दल तक्रार.

संदर्भ : माझे १९ जून, २४ जून आणि ३ जुलैचे ई-मेल व त्यांना आलेली आपली उत्तरे.

महोदय / महोदया,

आधी चांगले सांगून टाकतो, नाहीतर हा माणूस नुसता भांडायला बसलाय असे वाटेल. बेलची (दोरा गुंडाळताना त्याला वळवणाऱ्या तारेच्या कमानीची) स्प्रिंग तुमच्या कारागिराने उत्तम बसवली आहे. हँडल फिरवले की बेल पूर्वीसारखी टक्कन मिटते, अडत नाही. मी ३६ वर्षे सातपूरला टूलरूममध्ये काढली आहेत, त्यामुळे कुणाचा हात बसलेला आहे आणि कुणाचा नाही हे मला कळते. त्या कारागिराबद्दल माझी काडीची तक्रार नाही.

तक्रार आहे ती बाकी जे केले त्याची.

६ मे रोजी मी रीळ पाठवले तेव्हा खोक्यात एक चिठ्ठी ठेवली होती. मोठ्या अक्षरात, पेनाने, तीन ओळी : ‘फक्त स्प्रिंग बदला. बाकी कशालाही हात लावू नका. काढलेला तुकडा, तुटकासुद्धा, परत पाठवा.’ चिठ्ठीचा फोटो सोबत जोडला आहे. १८ जूनला पार्सल उघडले तेव्हा आधी वाटले, दुसऱ्याच कुणाचे रीळ आले. काळे कुळकुळीत, लग्नातल्या बुटासारखे चमकणारे. बिलावर २,८५० रुपये आणि त्याखाली ‘रंगकाम : मोफत’. मी मागितलेच नव्हते ते मोफत दिलेत!

नेमके काय झाले ते सांगतो. संपूर्ण अंगावर स्प्रेचा काळा रंग मारला आहे. पायाजवळ कोरलेल्या क्रमांकात तो इतका भरला आहे की पहिले दोन आकडे भिंग लावूनही वाचता येत नाहीत. जुने रीळ कधीचे हे बघायचे तर आमच्यासारखे लोक आधी तो क्रमांक बघतात. तो बुजला की रीळ मुके झाले. बाजूच्या पाटीचे आणि बेलचे सरळ एका खाचेचे स्क्रू जाऊन चौफुलीच्या खाचेचे नवे स्क्रू आले. तारेची बेल बदलली. आणि हँडलची हस्तिदंती रंगाची मूठ जाऊन तिच्या जागी काळी रबरी मूठ आली.

तुमच्या दृष्टीने हे सगळे ‘अपग्रेड’ असेल. फोनवरची मुलगी मला हाच शब्द म्हणाली. वागायला ती चांगली होती, तिचा दोष नाही. तिच्यासमोरच्या स्क्रीनवर जे लिहिले होते ते तिने वाचले : ‘सर, खराब झालेले जुने पार्ट आम्ही डिस्पोज करतो.’

म्हणून हे पत्र लिहावे लागत आहे. जुन्या रिळात ‘खराब झालेला पार्ट’ म्हणजे काय, यावर तुमच्या विभागात कुणीतरी एकदा बसून विचार करायला हवा.

मिचेल ३०० ही काही दुर्मीळ चीज नाही, हे मीच कबूल करतो. फ्रान्समध्ये आल्प्सच्या कुशीत क्लूझ नावाचे गाव आहे, तिथल्या कार्पानो अँड पोन्स या कारखान्याने ती लाखोंनी बनवली. तो सगळा भाग घड्याळाचे सुटे भाग करणाऱ्यांचा. ही कंपनीसुद्धा आधी घड्याळाच्याच कामातली. रीळ उघडून आतले दाते एकदा बघितले की हे कुणी सांगावे लागत नाही. अंड्यासारखे पोट, डाव्या हाताला हँडल (उजव्या हातासाठी वेगळा ३०१ नंबर होता), मागे उलट फिरू न देणारी खटकी. घरी ती नुसती फिरवत बसलो तरी बायको म्हणते, ‘घड्याळ दुरुस्त करताय का?’

ज्या तत्त्वावर ही रिळे चालतात ते त्याहून जुने आहे. १९०५ मध्ये इंग्लंडमधल्या इलिंगवर्थ नावाच्या गृहस्थाने त्याचे पेटंट घेतले. तो ब्रॅडफर्डचा लोकरीचा गिरणीवाला. स्पूल, म्हणजे दोरा गुंडाळलेली चकती, फिरवायचा नाही, जागेवर स्थिर ठेवायचा आणि दोरा त्याच्या टोकावरून वेटोळी सुटत जाऊ द्यायचा, एवढीच युक्ती. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला हे समजवायला पेटंट लागत नाही. येवल्यात पैठणीच्या मागावर धोट्यातली कांडी (रेशीम गुंडाळलेली नळी) बघा. कांडी गप्प पडून असते आणि तिच्या टोकावरून रेशीम सुटत जाते. मी एकदा तिथल्या एका विणकराला मिचेल उघडून दाखवली. त्याने क्षणभर बघितले आणि म्हणाला, ‘हा तर धोटाच की, फक्त मासे पकडतो.’

विषयांतर झाले. मुद्दा असा की, रीळ दुर्मीळ नसले तरी त्याचे न बदललेले भाग दुर्मीळ असतात. बेलची स्प्रिंग हे मिचेलचे जगजाहीर दुखणे. प्रत्येक फेकीला बेल उघडायची, हँडल फिरवले की मिटायची. मरळ माशाच्या मागे सकाळभर चमचा (माशाला भुलवणारा धातूचा चकचकीत तुकडा) फेकत बसले की स्प्रिंग दोनशे-तीनशे वेळा वळते आणि सुटते. कधीतरी ती तुटणारच. ती मी नवी मागितली, कारण ती झिजण्यासाठीच असते. स्क्रूचे तसे नाही. खाच न बिघडलेला मूळ स्क्रू म्हणजे आजवर कुणी अडाणी हाताने ते रीळ उघडले नाही, याचा दाखला. रीळ विकत घेणारा जाणकार आधी स्क्रूची डोकी बघतो, रंग नंतर. रंग उडालेला असला तर तो ‘वापरलेय’ म्हणतो. स्क्रू बदललेला दिसला तर रीळ खाली ठेवतो.

माझ्याकडे आज एकोणीस रिळे आहेत. त्यांतली चालणारी अकरा, उरलेली आठ त्या अकरांना जगवण्यासाठी. अंबड लिंक रोडचा भंगार बाजार होता तेव्हा तिथून मी दोन मेलेली मिचेल किलोच्या भावाने उचलली होती, केवळ त्यांच्या स्क्रूंसाठी. दुकानदाराला वाटले मी पितळ काढणार. पेन स्पिनफिशर नावाचे एक हिरवे रीळ आहे, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या कंपनीचे, त्याचे हँडल मिळायला मला चार वर्षे लागली. या छंदात माणूस माशांपेक्षा स्क्रूंच्याच मागे जास्त फिरतो, ही गोष्ट घरच्यांनी आता मान्य केली आहे. एकेक स्क्रू गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांत, वर चिठ्ठी लावून ठेवलेला असतो.

आता मुठीचे सांगतो. खरे तर या पत्रात एवढेच सांगायचे आहे.

हे रीळ माझ्या मामांनी १९६५ मध्ये एडनच्या बंदरात घेतले. ते बोटीवर होते, आणि एडनला तेव्हा जकात नसल्याने येणारा-जाणारा प्रत्येक खलाशी काहीतरी घेऊनच यायचा. कुणी घड्याळ आणे, कुणी ट्रान्झिस्टर. मामांनी मेव्हण्यासाठी रीळ आणले. आमचे दादा, म्हणजे वडील, नाशिकरोडला प्रेसमध्ये नोकरीला होते आणि रविवारी पहाटे सायकलवर चेहेडीला दारणेच्या बंधाऱ्यावर जात. तंगूस (नायलॉनचा दोरा), गळ, चमचा, पाण्याची बाटली आणि हे रीळ. शेजारी म्हणायचे, परदेशी यंत्र लावून हा मासे मात्र इथलेच पकडतो.

१९८४ मध्ये मूठ तडकली. दादांच्या हातून सायकलीवरून पडली. नवी कुठून आणायची? मी तेव्हा आयटीआयला टर्नरच्या दुसऱ्या सहामाहीत होतो. लेथवर पितळेची एक कडी काढली, चार मिलिमीटर रुंद, आणि ती गरम करून तडकलेल्या मुठीवर चढवली. थंड झाल्यावर ती आवळली आणि तड मिटली. कडीच्या आतल्या बाजूला हत्याराचा एक ओरखडा आहे, कारण शेवटचा कट मी घाईत घेतला. सरांनी बघितले असते तर जॉब परत करायला लावला असता. दादांनी ती कडी अंगठ्याने दोनदा फिरवून पाहिली आणि म्हणाले, ‘बसली.’ त्यानंतर वीस वर्षे त्यांचा अंगठा त्याच कडीवर फिरला. पितळ एका बाजूने पातळ झाले होते.

कुणी जाणकार म्हणेल, ही कडी मूळ नाही, तिच्यामुळे रिळाची किंमत कमीच होते. बरोबर आहे. मीसुद्धा दुसऱ्याच्या रिळावर असे काही बघितले असते तर किंमत पाडून मागितली असती. तुमच्या कारागिराने तडकलेली, कडी चढवलेली, पिवळी पडलेली मूठ बघितली आणि ती बदलली, तेही एका अर्थी समजण्यासारखे आहे. त्याला कुणी माझी चिठ्ठी दाखवली नसणार. माझी तक्रार आहे ती, चिठ्ठी वाचून ती त्याच्यापर्यंत न पोहोचवणाऱ्याबद्दल आहे.

माझ्या पहिल्या ई-मेलला उत्तर आले : ‘आपल्या अमूल्य अभिप्रायाबद्दल धन्यवाद.’ दुसऱ्याला पुढच्या खरेदीवर १५ टक्के सवलतीचे कूपन आले. तिसऱ्याला, आपली तक्रार निवारण झाल्याने बंद करण्यात आली आहे, असे. माझ्या दृष्टीने काहीही निवारण झालेले नाही. कूपन मी वापरलेले नाही, वापरणारही नाही.

तुम्हाला कायदा शिकवण्याचा माझा हेतू नाही, पण एक गोष्ट लेखी असावी म्हणून लिहितो. दुरुस्तीसाठी दिलेली वस्तू आणि तिचा प्रत्येक भाग देणाऱ्याच्याच मालकीचा राहतो. भारतीय संविदा अधिनियम १८७२ च्या कलम १४८ मध्ये हे नाते सांगितले आहे : वस्तू ज्या कामासाठी दिली ते काम झाले की ती परत द्यायची. माझे काढलेले भाग तुम्ही ‘डिस्पोज’ करू शकत नव्हता, खराब असले तरी. आणि लेखी सूचना असताना ती न पाळणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ प्रमाणे सेवेतील त्रुटीच आहे. त्या कायद्याने मला इथे नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगातच तक्रार करता येते, तुमच्या गावी हेलपाटे मारावे लागत नाहीत. हे मी धमकी म्हणून लिहीत नाही. जायची वेळ येऊ नये एवढीच इच्छा आहे.

मला पैसे नकोत. २,८५० रुपयांपैकी स्प्रिंगचे आणि मजुरीचे पैसे तुमचेच, ते तुम्ही कमावलेत. रंग खरवडून काढायचाही प्रयत्न करू नका, कृपा करून. तो मी हळूहळू काढीन. तुमचा स्प्रे मूळ रंगावर नीट चिकटलेला नाही, त्यामुळे आतले जुने आकडे बहुधा शाबूत असतील. मला फक्त काढलेले भाग हवेत : पितळी कडी असलेली हस्तिदंती रंगाची मूठ, जुनी बेल, सगळे जुने स्क्रू, आणि तुटलेल्या स्प्रिंगचे दोन तुकडे. स्प्रिंग कशाला, असे विचाराल. तुटलेली स्प्रिंग समोर असली की नवी वळवताना तार किती जाडीची आणि वेटोळी किती, हे मोजता येते.

आणि ‘ते भाग आता नाहीत’ असे उत्तर लगेच देऊ नका. मी ३६ वर्षे कारागिरांमध्ये राहिलो आहे. चांगला कारागीर पितळ कधी फेकत नाही, आणि जुना सरळ खाचेचा स्क्रू तर मुळीच नाही. त्याच्या बाकाखाली कुठेतरी एक डबी असणार, बिस्किटांची किंवा चहाची, आणि तिच्यात वर्षानुवर्षांचे असे तुकडे पडून असणार. माझ्याही बाकाखाली होती. कृपया व्यवस्थापकांनी नाही, पावती लिहिणाऱ्यानेही नाही, त्या कारागिरालाच हे पत्र वाचायला द्या आणि ती डबी त्यालाच उघडायला सांगा. मूठ काळ्या रबरी मुठीशेजारी ठेवली तर लगेच ओळखू येईल. कडीच्या आत ओरखडा आहे का ते नख फिरवून बघावे. असला तर ती माझी.

तुमचा कुरिअरचा खर्च होऊ नये म्हणून, माझा पत्ता लिहिलेले आणि तिकिटे लावलेले, आतून हवेच्या फुग्यांचे अस्तर असलेले पाकीट सोबत जोडत आहे. तुकडे कागदात वेगवेगळे गुंडाळावेत, नाहीतर स्क्रू मुठीवर घासतील.

आपला,
एक ग्राहक
इंदिरानगर, नाशिक

सोबत :
बिलाची प्रत
६ मेच्या चिठ्ठीचा फोटो
रीळ पाठवण्यापूर्वीचे चार फोटो (एकात मूठ व कडी जवळून)
तीनही ई-मेल व उत्तरांच्या प्रती
न वापरलेले कूपन
पत्ता लिहिलेले पाकीट